पल्याडचे हात

‘एवढ्याशा गोव्यात दूरवैद्यकी, म्हणजे फोन-व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला, हवी कशाला?’ हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात आणि नकाशा पाहिला तर तो रास्तही वाटतो. ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, बारा तालुके, म्हापशाला एक जिल्हा इस्पितळ, मडगावला दुसरं, आणि मधोमध बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, ज्याचं मूळ थेट १८४२ सालच्या पोर्तुगीज वैद्यकशाळेत सापडतं. पण आजारी माणूस नकाशावरून येत नाही. दिवाडीचा माणूस फेरीबोटीची वाट पाहून येतो. काणकोणचा माणूस करमल घाटाची वळणं पोटात घेऊन येतो. चोर्ला घाटाकडच्या सुर्ल्याहून किंवा सांग्यातल्या नेत्रावळीहून निघायचं, तर कदंबाची शेवटची बस कधी सुटते यावर सगळं ठरतं. रात्री अकराला छातीत कळ आली तर किलोमीटर किती, हे कोणी मोजत बसत नाही. गाडी कोणाकडे आहे, एवढंच विचारलं जातं.

दूरवैद्यकीबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक पडद्यावरच्या तज्ज्ञाबद्दल असतं. बांबोळीत बसलेला हृदयरोगतज्ज्ञ, त्याच्यासमोरचा मोठा पडदा, कानाला हेडफोन. मला लिहायचं आहे ते पल्याडच्या टोकाबद्दल. रुग्णाच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावणारी सिस्टर, आरोग्यसेविका, केंद्रातला तरुण डॉक्टर, कधी नुसता फोन धरून बसलेला नातू. तज्ज्ञाला जे दिसतं, ऐकू येतं, कळतं ते सगळं या हातांतून येतं. हात चुकले तर तज्ज्ञही चुकतो, आणि आपण चुकलो हे त्याला कळतसुद्धा नाही. या कामातली मला सगळ्यात भीतिदायक वाटणारी गोष्ट हीच.

ईसीजीचंच घ्या. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी जो ‘स्टेमी’ प्रकल्प उभा राहिला त्याची रचना सोपी आहे. आरोग्यकेंद्रात ईसीजी काढायचा, तो गोमेकॉतल्या तज्ज्ञाकडे जायचा, झटका पक्का असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन केंद्रातच द्यायचं आणि मग रुग्णाला रुग्णवाहिकेने बांबोळीला हलवायचं. माणूस दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी आणि निदान झाल्यापासून, जमेल तर, दहाच मिनिटांत इंजेक्शन, असं उद्दिष्ट धरतात. जुना अर्ध्या तासाचा हिशेब आता ढिला समजला जातो. वेळेचं हे गणित सगळ्यांना पाठ असतं. पण चुका होतात त्या वेळेच्या आधीच, रुग्णाच्या कातडीवर.

मे महिन्यातला घामेजलेला माणूस, छातीवर दाट केस. त्यावर इलेक्ट्रोड चिकटत नाही, थरथरतो, आणि कागदावरची रेघ डोंगर-दऱ्यांसारखी वरखाली होते. उपाय साधा आहे. कोरड्या गॉजने कातडी घासून पुसायची, लागेल तिथले केस काढायचे, हातपाय सैल सोडायला सांगायचे, कुडकुडत असेल तर पंखा बंद करून अंगावर चादर घालायची. रेघ बारीक करवतीसारखी एकसारखी थरथरत असेल तर ती विजेची आहे. अशा वेळी यंत्राचा प्लग काढून बॅटरीवर ईसीजी काढायचा आणि रुग्णाचा मोबाईल, पलंगाशेजारचं चार्जर दूर करायचं.

त्याहून वाईट चूक जागेची. छातीवर व्ही-वन ते व्ही-सिक्स असे सहा इलेक्ट्रोड लागतात. त्यातले व्ही-वन आणि व्ही-टू बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लागायला हवेत, पण घाईत ते दुसऱ्या-तिसऱ्या फटीत जातात. मग निरोगी माणसाच्या कागदावरही जुना झटका येऊन गेल्यासारखा आकार उमटतो. फट मोजायची तर गळ्याच्या खळग्यातून बोट खाली आणायचं. चार-पाच सेंटिमीटरवर छातीच्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. तिथूनच दुसरी बरगडी निघते, आणि तिच्या खालची फट दुसरी. आणखी दोन खाली उतरलं की चौथी. उजव्या कडेला व्ही-वन, डाव्या कडेला व्ही-टू. मग व्ही-फोर पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली. व्ही-थ्री या दोघांच्या मध्ये. व्ही-फाइव्ह आणि व्ही-सिक्स व्ही-फोरच्याच पातळीत काखेकडे सरकत जातात, फटीच्या वळणाबरोबर वर चढत नाहीत. बायकांच्या बाबतीत स्तनाग्रावरून जागा ठरवणं निरुपयोगी आहे. स्तन हलकेच वर करून त्याखाली इलेक्ट्रोड लावावा लागतो. यासाठी पडदा हवा, शेजारी बाई हवी आणि ‘आजी, जरा हात लावते हं, छातीचा कागद काढायचाय’ असं आधी सांगणं हवं. लाजेपोटी झंपरावरून अंदाजाने लावलेल्या वायरींतून जो कागद निघतो तो नसलेला बरा.

हातापायाच्या वायरींची अदलाबदलही नेहमीची. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. लाल-पिवळी उलटी लागली की कागदावरची लीड वन ही रेघ सगळी उलटी येते आणि एरवी खाली तोंड करून असणारी एव्हीआरची रेघ वर तोंड करते. पलीकडे बसलेला सजग तज्ज्ञ हे दिसताच आधी विचारतो, ‘सिस्टर, लाल वायर कुठल्या हाताला आहे?’ आणि निदान नंतर सांगतो. ज्या सिस्टरला हा प्रश्न अपमान वाटत नाही आणि ज्या डॉक्टरला तो विचारायला लाज वाटत नाही, त्या दोघांची जोडी जमली असं समजावं.

दोन बारकावे आणखी. झटका हृदयाच्या खालच्या बाजूचा दिसत असेल, म्हणजे लीड टू, थ्री आणि एव्हीएफ या रेघांमध्ये, तर व्ही-फोरची वायर उजव्या छातीवर त्याच जागी लावून एक जादा कागद काढायचा. हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडला असेल तर जिभेखालची सॉर्बिट्रेट रक्तदाब धाडकन खाली आणते. घरच्यांनी वाटेतच ती गोळी दिली आहे का, हे म्हणून आधी विचारायचं. दुसरा बारकावा यंत्राच्या घड्याळाचा. बराच काळ वीज गेली, बॅटरी उतरली की कित्येक यंत्रांचं घड्याळ मागे जातं, आणि कागदावर भलतीच वेळ छापली जाते. सकाळी पाळी सुरू होताना घड्याळ जुळवायला अर्धं मिनिट लागतं. ते न केल्याने पुढे बांबोळीत ‘दुखणं किती वाजता, कागद किती वाजता’ हा हिशेब बिघडतो, आणि दुखणं सुरू झाल्यापासून इंजेक्शनची बारा तासांची मुदत पाळायची असताना तो बिघडून चालत नाही.

गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेज या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो. ६० किलोखाली ३० मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोंना पाच मिलिग्रॅम वाढत ९० किलो आणि त्यावर ५०. पंचाहत्तरीपुढे निम्मा. एकदाच, पाच सेकंदांत, शिरेतून. पण आडव्या पडलेल्या माणसाचं वजन कोण घेणार? केंद्रात येताना चालत आला असेल तर आधी काट्यावर उभा करावा, नाहीतर घरच्यांना विचारून दोघांचे आकडे जुळतात का ते पाहावं. सलाईनच्या नळीत डेक्स्ट्रोज चालू असेल तर औषध तिथेच साका धरतं. नळी नॉर्मल सलाईनने आधी आणि नंतर धुवायची. हे सगळं सांगणारा कागद औषधाच्या फ्रिजवर चिकटवलेला असावा, तज्ज्ञाच्या आठवणीवर सोडू नये. आणि इंजेक्शनच्या आधीचे प्रश्न, म्हणजे पूर्वी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे पक्षाघात, डोक्याला मार, सध्या कुठून रक्त जातंय का, पाठीत फाडल्यासारखं दुखतंय का, हे मोठ्याने वाचून विचारायचे आणि उत्तर लिहायचं. एक ते दीड तासाने दुसरा ईसीजी. वर उचललेली रेघ निम्म्याने खाली आली का, हे त्यावरून कळतं. रुग्ण तेव्हा रुग्णवाहिकेत असतो. म्हणून हा दुसरा कागद कोणी काढायचा, हे निघण्याआधीच ठरवून घ्यावं.

ईसीजीवर मी रेंगाळलो, कारण तिथे चुकीची किंमत कळते. पण हाताची हीच गोष्ट साध्यासुध्या कामातही तितकीच खरी आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे इथल्या दूरच्या सल्ल्यांत निम्मी बोलणी साखरेची आणि प्रेशरची असणार. घरी साखर मोजून आकडा सांगणारा माणूस नुकताच मानकुराद आंबा सोलून बसला असेल तर बोटावरच्या रसामुळे आकडा भलताच वर जातो. स्पिरिटचा बोळा फिरवून ते जात नाही. हात पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करायला हवेत. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने पट्ट्या बिघडतात, आणि त्या वाया गेल्या आहेत हे वरून दिसत नाही. आणि ‘उपाशीपोटी’ हा शब्द नीट उलगडून विचारावा लागतो. सकाळचा चहा-पाव झाला, पण पेज अजून व्हायची आहे, अशा माणसाच्या लेखी तो उपाशीच असतो.

प्रेशरचंही तसंच. पाठ टेकून, पाय जमिनीला, हात हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटं शांत. मोजताना बोलायचं नाही, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट पट्ट्याची. बाजारात मिळणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. जाड दंडावर तोच ओढूनताणून बांधला तर आकडा वर जातो आणि गोळी विनाकारण वाढते. जुलै-ऑगस्टात आकडे चढलेले दिसले तर औषध वाढवण्याआधी पुरुमेंताबद्दल विचारावं. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सुकं मासळं, खारं लोणचं रोज पानात असतं.

आवाजाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. डिजिटल स्टेथोस्कोप छातीला लावला, व्हिडिओ कॉल चालू केला की हृदयाचे ठोके पलीकडे ऐकू येतील, असं वाटतं. हृदयाचे मुख्य आवाज खर्जातले असतात, बहुतेक दीडशे हर्ट्झच्या खाली. बोलण्यासाठी बनवलेली फोनची वाहिनी हा पट्टा कापते. त्यावर कॉलचं गोंगाट कमी करणारं यंत्रण बसलेलं असतं. त्याला ठोक्यांची संथ पुनरावृत्ती गोंगाट वाटते आणि ते ती पुसून टाकतं. म्हणून आवाज आधी स्टेथोस्कोपच्याच ॲपमध्ये साठवून फाइल म्हणून पाठवायचा, प्रत्येक जागी पंधरा-वीस सेकंद. पलीकडे तो चांगल्या हेडफोनवर ऐकायचा. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून खर्ज बाहेरच येत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, आणि कौलांवर पाऊस कोसळत असेल तर थोडं थांबायचं.

व्हिडिओवर श्वास मोजणंही तितकंच फसवं. चित्र अडकत-अडकत येतं, मधला एखादा श्वास गळतो. लहान मुलाचा श्वास पल्याडच्या माणसाने पूर्ण साठ सेकंद मोजावा, पोटावरचा कपडा वर करून, मूल रडत नसताना. दोन महिन्यांखाली मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, एक ते पाच वर्षं चाळीस, हे धोक्याचे आकडे. बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते का, हे मात्र व्हिडिओत छान दिसतं, फक्त कॅमेरा आडवा, पोटाच्या पातळीला धरला तर. पोटदुखीत डॉक्टरचा हात पोचत नाही, पण रुग्णाला खोकायला सांगता येतं, टाचांवर आपटून उभं राहायला सांगता येतं. त्याने कळ उसळून पोट धरलं तर पुढचा सल्ला व्हिडिओवर द्यायचा नाही, गाडी बोलवायची.

कातडीच्या फोटोंसाठी तीन फोटो पुरतात. पहिला लांबून, अंगाचा कुठला भाग ते कळेल असा. दुसरा वीतभरावरून. तिसरा जवळून, शेजारी पट्टी ठेवून. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड हवा, ऊन थेट नको. आपल्याकडच्या तांबड्या कोब्याची छटा फोटोत उतरते आणि सगळी कातडीच लालसर दिसते. म्हणून खाली पांढरा कागद किंवा धुतलेली चादर. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, गडद जांभळट दिसते. ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागते का, हे फोटोत येणार नाही, ते हात लावून विचारून घ्यायचं. आणि फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो.

आता भाषेकडे येतो, कारण गोव्यात दूरवैद्यकी चुकायची आणखी एक खास जागा ती आहे. मराठी शाळेत शिकलेला आणि बाहेर वैद्यकी करून परतलेला, किंवा घाटापलीकडून आलेला डॉक्टर फोनवर ऐकतो, ‘काल सांजेसावन जोर आसा.’ कोंकणीत जोर म्हणजे ताप. समोर बसलेल्या माणसाच्या कपाळाला हात लागतो आणि अर्थ आपोआप कळतो, फोनवर तो आधार नाही. ‘हर्द्यांत दुखता’ म्हणजे छातीत. तकली म्हणजे डोकं, ‘तकली घुंवता’ म्हणजे चक्कर. असे वीस-पंचवीस शब्द प्रत्येक दूरच्या डॉक्टरने टेबलावर लिहून ठेवावेत. कन्नड बोलणारे मजूर, हिंदीवर वेळ मारून नेणारे हॉटेलातले कामगार यांच्यासाठी तर केंद्रातला माणूसच दुभाषा होतो. त्याने अर्थ सांगण्याआधी रुग्णाचा मूळ शब्द सांगावा, ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

आणि प्रश्नही इथल्या मातीचे हवेत. सत्तरीत २०१५ साली माकडताप दिसू लागला. जानेवारी ते मे हा त्याचा हंगाम आणि काजूचाही. म्हणून सत्तरीतून या दिवसांत तापाचा फोन आला तर विचारायचं, काजू गोळा करायला गेला होता का, रानात मेलेलं माकड दिसलं का, अंगावर गोचीड सापडला का. तोच फोन पावसाळ्यात आला तर शेतातल्या चिखलाबद्दल, पायाच्या भेगांबद्दल, लघवी कमी होते का याबद्दल, कारण तेव्हा लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, शंका आधी घ्यायची.

मनाच्या दुखण्यांत पल्याडचा माणूस किती महत्त्वाचा, हे तर गोव्यानेच दाखवून दिलं आहे. १९९६ पासून इथे काम करणाऱ्या ‘संगथ’ या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना प्राथमिक आरोग्यसेवेत बसवलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरकारी केंद्रांतल्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं दिसलं. आता १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी सेवेच्या क्रमांकावर फोनवरूनही मदत मिळते. फोनवर पहिला प्रश्न मात्र एकच असावा: ‘आता मोकळेपणी बोलता येईल का?’ सासू खोलीत असेल तर सून ‘सगळं बरं आहे’ असंच म्हणणार. मग हो-नाही उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे आणि एकटेपणाची वेळ ठरवून पुन्हा फोन करायचा.

कायद्याचं थोडक्यात. २५ मार्च २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरांना दूरून सल्ला देण्याची स्पष्ट चौकट दिली. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत, आरोग्यसेविकेने किंवा डॉक्टरने केला तर ती उघडपणे विचारून नोंदवायची. काही औषधं पहिल्याच भेटीत लिहिता येतात, पण ती भेट व्हिडिओवरची हवी. काही फक्त त्याच दुखण्याच्या पुढच्या भेटीत. अमली आणि मनोव्यापारावर परिणाम करणारी नियंत्रित औषधं, मोजके अपवाद सोडता, दूरून लिहायची नाहीत. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. समोर रुग्ण नसताना स्वतःला आवरण्याची ती सोय आहे.

नेटवर्कचं रडगाणं सगळेच गातात, म्हणून फक्त कामाचं सांगतो. फोन वेग दाखवतो तो खाली उतरण्याचा. आपलं चित्र तज्ज्ञाला दिसायचं तर वर जाण्याचा वेग बघायचा. केंद्रात दोन कंपन्यांची सिमं ठेवतात, पण दोन्ही एकाच टॉवरवर असतील तर तो टॉवर पडला की दोन्ही गेली. फायबरची पेटी आणि राउटर असे दोन वेगळे प्लग असतात. यूपीएसवर राउटर जोडतात, पेटी विसरतात, आणि वीज जाताच दिवे लागलेल्या राउटरकडे बघत बसतात. चित्र अडखळू लागलं तर कॉल तोडायचा नाही, व्हिडिओ कॉलचा आवाज बंद करून बोलणं साध्या फोनवर न्यायचं. आणि कॉल सुरू होतानाच ठरवायचं, तुटला तर कोणी कोणाला लावायचा. नाहीतर दोघे एकमेकांना लावत राहतात आणि दोन्हीकडे ‘व्यस्त’ ऐकू येतं.

शेवटची पाच मिनिटं सर्वांत जास्त वाया जातात. डॉक्टर म्हणतो, ‘कळलं ना?’ आणि पलीकडून ‘कळ्ळें’ येतं. त्याऐवजी आजीला गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगावं. ‘बाय, यातली सकाळची कुठली?’ असं विचारावं आणि तिने बोट ठेवेपर्यंत थांबावं. एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन पाकिटं घरात निघतात आणि दोन्ही चालू असतात, हे इथेच सापडतं. जी बंद करायची तिच्यावर नातवाने पेनाने फुली मारायची, दिसेल अशी. तिसऱ्या दिवशीचा फोन पेजेनंतर करावा, साडेअकराच्या सुमाराला. तेव्हा ती घरात असते, चूल विझलेली असते. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली असेल तर तो फोन चवथीआधी करून घ्यावा आणि त्यातच विचारून ठेवावं, मूळ घरी जाताना गोळ्यांची पिशवी कोणाच्या हातात असणार आहे.